तीस युनिटांचे घर आणि स्थिर आकाराचा भार

वीज बिलाचा कागद घरात आला की आपली नजर दोनच ठिकाणी जाते. भरायची रक्कम किती आणि शेवटची तारीख कोणती. या दोन आकड्यांच्या मध्ये जो मजकूर बारीक अक्षरांत छापलेला असतो तो आपण वाचत नाही. कुणी वाचायला बसलेच तर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’, ‘वीज शुल्क’ अशी भाषा समोर येते की माणूस कागद घडी घालून खुंटीला लावतो. आमचे म्हणणे असे की राज्यातील गोरगरिबांच्या खिशाचा खरा हिशेब याच बारीक अक्षरांत लिहिलेला आहे. अंदाजपत्रकावर आपण चार-चार दिवस चर्चा करतो, पण दर महिन्याला दारात येणारे हे छोटे अंदाजपत्रक मात्र न वाचताच मान्य करतो.

शिरवळचेच उदाहरण घेऊ. पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या सीमेवरील नीरा नदीकाठचे हे गाव. महामार्ग आणि औद्योगिक वसाहत यांनी त्याचा चेहरामोहरा बदलून टाकला. खंडाळा तालुका पूर्वी पोट भरायला मुंबई-पुण्याला जात असे. आज शिरवळला बाहेरून माणसे येतात. मराठवाड्यातून येतात, विदर्भातून येतात, उत्तर प्रदेश-बिहारमधून येतात. कंत्राटदाराकडे बारा तासांची पाळी करतात आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. गावातल्या बौद्ध वस्तीतला, मातंग वस्तीतला तरुणही याच पाळीला जातो. कारखान्याच्या आत विजेचा लखलखाट आणि या खोलीत एक पंखा, दोन दिवे, एक टीव्ही. या खोलीला वीज किती लागते? ७५ वॅटचा पंखा रोज आठ तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. नऊ वॅटचे दोन दिवे रोज सहा तास जळले तर सव्वातीन युनिट. ६० वॅटचा टीव्ही चार तास पाहिला तर सव्वासात युनिट. मोबाईलचे चार्जिंग धरून गोळाबेरीज तीसच्या घरात जाते. म्हणजे तीस युनिट ही चैन नव्हे, ती माणसासारखे जगण्याची अगदी तळाची पायरी आहे.

आता या तीस युनिटांचे बिल कसे होते ते पाहू. हिशेबासाठी आम्ही २०२४-२५ या वर्षाचे महावितरणचे घरगुती दर घेतो. त्या वर्षी सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता. वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे. याशिवाय तारांवरून वीज वाहून आणण्याचा वहन आकार प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे. म्हणजे ४.७१ हा जो दर जाहिरातीत आणि भाषणात ऐकू येतो तो खरा दर नव्हेच. वहन आकार मिळवला की तो ५.८८ होतो. आणि या सगळ्या बेरजेवर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. लक्षात घ्या, हे शुल्क केवळ जाळलेल्या विजेवर नाही, ते स्थिर आकारावरही आहे. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो आम्ही या हिशेबातून बाजूला ठेवला आहे.

तीस युनिटांचा वीज आकार १४१ रुपये ३० पैसे, वहन आकार ३५ रुपये १० पैसे, स्थिर आकार १२८ रुपये. बेरीज ३०४ रुपये ४० पैसे. शुल्क धरून बिल होते सुमारे ३५३ रुपये. तीसने भागले तर एक युनिट पडले ११ रुपये ७७ पैशांना! १०० युनिट जाळणाऱ्या घराचे बिल याच रीतीने सुमारे ८३१ रुपये होते, म्हणजे युनिट ८ रुपये ३१ पैशांना. आणि ३०० युनिट जाळणाऱ्या, फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर असलेल्या घराचे बिल ३,४८९ रुपये, म्हणजे युनिट ११ रुपये ६३ पैसे. एक पंखा आणि दोन दिवे असलेली खोली आणि गिझर असलेला फ्लॅट एकाच भावाने वीज विकत घेतात. इंधन समायोजन धरले तर काही पैसे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलत नाही. शंभर युनिटांच्या घरापेक्षा तीस युनिटांचे घर प्रत्येक युनिटला साडेतीन रुपये जास्त मोजते, हे तर कोणत्याही महिन्यात खरे आहे.

आपल्याला सांगितले जाते की महाराष्ट्रात विजेचे दर टप्प्याटप्प्याचे आहेत, जो कमी वापरतो त्याला स्वस्त आणि जो जास्त वापरतो त्याला महाग. टप्प्यांपुरते ते खरेच आहे. उलट एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. १०१ वे युनिट पडले की सगळे बिल वरच्या दराने लागते अशी धास्ती अनेक घरांत आहे. तसे होत नाही. पहिली १०० युनिटे खालच्याच दराने धरली जातात, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. मीटर ९८ वर आले म्हणून पंखा बंद करून घामाघूम बसण्याचे कारण नाही. पण टप्प्यांनी जे दिले ते स्थिर आकार एका हाताने परत काढून घेतो. तीस युनिटांच्या घरात शुल्कापूर्वीच्या बिलाचा ४२ टक्के भाग स्थिर आकाराचा असतो. तीनशे युनिटांच्या घरात तो सव्वाचार टक्के असतो. बचत करा, दिवे बंद करा असा उपदेश करणाऱ्यांनीही हे पाहावे. पन्नास युनिटांच्या घराने दहा युनिटे वाचवली, म्हणजे वापर २० टक्क्यांनी कमी केला, तरी बिल १४ टक्क्यांनीच उतरते. आणि महिनाभर कुलूप लावून गावी गेलेल्या मजुराला शून्य युनिटांचे बिल येते १४८ रुपये ४८ पैसे.

यावर कुणी म्हणेल, गरिबांसाठी दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा वेगळा वर्ग आहे की! आहे. तेथे स्थिर आकार बराच कमी आहे. पण त्या वर्गाची मर्यादा महिन्याला ३० युनिट, वर्षाला ३६०. वर मांडलेला हिशेब पुन्हा पाहा. त्या घरात एक लहानसा फ्रिज आला, आजारी आईसाठी पंखा दिवसाही चालवावा लागला, तर मर्यादा संपली. शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीचाही प्रश्न आहे. आमचा परभणीचा किंवा वाशीमचा भाऊ शिरवळला राबतो. त्याचे नाव यादीत असलेच तर ते त्याच्या गावच्या यादीत. शिरवळच्या खोलीच्या मीटरला त्याचा काय उपयोग? शहरांकडे आणि कारखान्यांकडे सरकलेला नवा गरीब जुन्या यादीत मावत नाही, ही गोष्ट सरकारला ठाऊक नाही असे आम्ही मानत नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्थिर आकार ही निव्वळ लबाडी आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तारा, खांब, रोहित्रे, कर्मचाऱ्यांचे पगार, कर्जाचे व्याज हा खर्च तुम्ही दिवा लावा किंवा न लावा, होतच राहतो. वीज केंद्रांशी केलेल्या करारांतही कोळशाचा खर्च वेगळा आणि केंद्र सज्ज ठेवण्याचा खर्च वेगळा असतो. वीज उचलली नाही तरी हा दुसरा खर्च द्यावाच लागतो. महाराष्ट्राने हा धडा दाभोळमध्ये फार महाग किमतीत शिकला. १९९३ साली एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार झाला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ च्या मेमध्ये वीज मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबवले. मधल्या काळात वीज कमी उचलली तरी क्षमतेचे पैसे मोजावे लागत होते. करार करणारे वेगळे, मोजणारे वेगळे! केंद्राच्या २००६ च्या वीजदर धोरणानेही स्थिर आणि बदलता अशा दोन भागांच्या दरांचा पुरस्कार केला. तेव्हा खर्चाचा एक भाग स्थिर आहे, हे आम्ही नाकारत नाही. पुण्या-मुंबईत गुंतवणूक म्हणून घेऊन बंद ठेवलेल्या फ्लॅटच्या मालकाने तारांचा खर्च का देऊ नये? जरूर द्यावा.

प्रश्न तो खर्च वाटून कसा घ्यायचा हा आहे. ज्याच्यामुळे मोठी तार आणि मोठे रोहित्र लागते त्याने जास्त द्यावे, हा साधा व्यवहार झाला. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतील उच्चदाब ग्राहकाला हाच व्यवहार लागू आहे. त्याचा मागणी आकार प्रति केव्हीए असतो, म्हणजे त्याने ओढलेल्या कमाल मागणीशी आणि करारातल्या मागणीशी तो बांधलेला असतो. छोटा कारखाना कमी देतो, मोठा जास्त देतो. घरगुती सिंगल फेज ग्राहकाला मात्र एकच मोजमाप. पत्र्याच्या खोलीलाही १२८ आणि वातानुकूलित बंगलीलाही १२८. ज्याचा भार पाव किलोवॅटही नाही आणि ज्याचा भार पाच किलोवॅट आहे, त्या दोघांवर तारांचा बोजा सारखाच पडतो असे कोणत्या अभियंत्याने सांगितले? समानता म्हणजे सर्वांना एकच आकडा नव्हे, हे आमच्या चळवळीला नव्याने शिकवावे लागत नाही.

हे बदलता येत नाही असेही नाही. दिल्लीत २०१८ साली दोन किलोवॅटपर्यंतच्या घरांचा स्थिर आकार प्रति किलोवॅट १२५ रुपये केला गेला, लोकांत ओरड झाली आणि २०१९ च्या आदेशाने तो प्रति किलोवॅट २० रुपयांवर आणला गेला. मंजूर भार वाढेल तसा दर वाढतो, अशी ती रचना. कायदाही आड येत नाही. विद्युत कायदा २००३ चे कलम ६२ आयोगाला ग्राहकाच्या एकूण वापरानुसार दरांत फरक करण्याची मुभा देते. महाराष्ट्रात मात्र गाडी उलट दिशेने धावली. २०२०-२१ मध्ये सिंगल फेजचा स्थिर आकार १०० रुपये होता, २०२४-२५ मध्ये तो १२८ झाला, म्हणजे २८ टक्के वाढ. याच काळात पहिल्या टप्प्याचे युनिट, वहन आकारासह, ४.९१ वरून ५.८८ वर गेले, म्हणजे सुमारे २० टक्के. तळाच्या घराचा विचार केला तर जो भाग त्याला कमी करता येत नाही तोच जास्त वेगाने वाढला.

खोल्यांच्या चाळीत तर या हिशेबाला आणखी एक पीळ पडतो. पाच खोल्या आणि मीटर एक, मालकाच्या नावावर. समजा प्रत्येक खोलीचा वापर ६० युनिट. एका मीटरवर ३०० युनिट झाले, बिल ३,४८९ रुपये, म्हणजे खोलीमागे ६९८. याच पाच खोल्यांना स्वतंत्र मीटर असते तर पाचदा स्थिर आकार भरूनही प्रत्येकीचे बिल ५५८ रुपये झाले असते. पहिल्या १०० युनिटांची सवलत पाच कुटुंबांनी वाटून घेतली म्हणून महिन्याला १४० रुपयांचा भुर्दंड. त्यातून मालक जर ठोक दराने युनिट आकारत असेल तर तो भुर्दंड किती हे त्यालाच माहीत. पण आता खोलीत एकटाच राहणारा कामगार घ्या, वापर ३० युनिट. एका मीटरवर पाच खोल्यांचे १५० युनिट होतात आणि वाटा येतो २९९ रुपये. स्वतःचे मीटर घेतले तर ३५३! म्हणजे ज्याला सर्वांत कमी वीज लागते त्याला आपल्या नावाचे मीटर घेणेच तोट्याचे ठरते. आपल्या नावाचे मीटर म्हणजे आपल्या नावाचे बिल, आणि राहत्या पत्त्याचा तेवढाच एक कागद. स्थिर आकार त्या कागदावरही दंड बसवतो.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण नेहमी सांगतो. त्याच खात्याकडे विजेचा विषय होता, हे फारसे सांगत नाही. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी जे विचार मांडले त्यांचा गाभा असा की वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली नाही तर देशाचे औद्योगीकरण होणार नाही आणि औद्योगीकरण झाले नाही तर इथला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तेथेच उभा केला होता. त्यांच्या दृष्टीने वीज म्हणजे माणसाच्या सुटकेचे साधन होते. त्यांच्याच नावाने महावितरणने १४ एप्रिल २०२१ पासून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ राबवली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत घेऊन, तीही पाच हप्त्यांत, जोडणी देण्याची ती योजना. चांगली योजना, आम्ही तिचे स्वागतच केले पाहिजे. पण अनामतीची ५०० रुपयांची अडचण ज्याला हप्त्यांनी सोडवावी लागते, त्याच घराला २०२४-२५ मध्ये शुल्कासह वर्षाला १,७८२ रुपये केवळ स्थिर आकारापोटी भरावे लागले, एकही युनिट न जाळता. जोडणी द्यायची बाबासाहेबांच्या नावाने आणि थकबाकीपोटी तोडायची कलम ५६ ने, असा हा प्रकार होतो.

सरकारकडे पैसा नाही, हे उत्तरही आम्हाला पटत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. शेतकऱ्याला ती मिळू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण पंप त्याचाच, ज्याची जमीन आणि विहीर. भूमिहीन शेतमजुराच्या घरात मोफत विजेचा एक दिवाही पेटत नाही, तो स्थिर आकार भरतो. छतावरच्या सौर योजनेचेही तसेच. छत स्वतःचे असेल तर अनुदान. भाडेकरूचे छत मालकाचे असते. सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर कलम ६५ प्रमाणे त्याची रक्कम आगाऊ देऊन ती देता येते. सातारा जिल्ह्याने तर आपली गावे पाण्याखाली घालून राज्याला कोयना दिली. त्या जिल्ह्यातल्या तीस युनिटांच्या घराचा स्थिर आकार सरकारने उचलला तर काही आकाश कोसळणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये तीन महिन्यांची एकत्रित बिले आली तेव्हा राज्यभर संताप उसळला. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी आधी सवलतीचे संकेत दिले आणि नोव्हेंबरमध्ये सवलत मिळणार नाही असे सांगितले. त्या संतापाचे पुढे काय झाले? बिले हप्त्यांनी भरली गेली आणि विषय संपला. कारण दर ठरतात ते रस्त्यावर नव्हे, मंत्रालयातही नव्हे. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे ठरतात. कलम ६४ प्रमाणे महावितरणने दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि आयोगाने लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. तेथे उद्योजकांच्या संघटना वकील आणि तज्ज्ञ घेऊन हजर असतात. ग्राहक संघटनाही झुंजतात. दलित वस्तीतला, भाड्याच्या खोलीतला ग्राहक तेथे नसतो. २०२५ मध्ये तर २८ मार्चचा आदेश, एप्रिलच्या सुरुवातीला त्याला स्थगिती, २५ जूनचा फेरविचार आदेश आणि १ जुलैपासून नवे दर, असा खेळ चार महिन्यांत झाला. आपल्या वस्त्यांत त्याची बातमीसुद्धा पोचली नाही.

शिरवळ आणि परिसरातील कार्यकर्त्यांनी एवढे काम हाती घ्यावे. वस्तीतील पन्नास घरांची गेल्या बारा महिन्यांची बिले एकत्र करावीत. प्रत्येक बिलावरील एकूण रक्कम युनिटांनी भागावी आणि तो आकडा बिलाच्या कोपऱ्यात लिहावा. दर बदलले असतील तर बिलावर छापलेले दर घ्यावेत, भागाकार तोच राहतो. जेथे बिल चुकले असेल तेथे आधी महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्यावी, तेथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. भाडेकरूंनीही लक्षात ठेवावे की कलम ४३ प्रमाणे वीजजोडणीचा अर्ज मालकाइतकाच भोगवटादारही करू शकतो. आणि आयोगाची पुढची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येईल तेव्हा सिंगल फेजचा स्थिर आकार मंजूर भाराशी आणि वापराशी जोडा, ही एकच मागणी या पन्नास बिलांच्या प्रतींसह मुदतीत दाखल करावी. हरकत मराठीत लिहिलेली चालते. तिला वकील लागत नाही.